लांगटांगच्या लॉजवर राहून काम करायचं असेल तर

परदेशातल्या डोंगरात, उदाहरणार्थ नेपाळच्या लांगटांग खोऱ्यात, एखाद्या लहानशा लॉजवर राहायचं, दिवसाकाठी चार-पाच तास हातभार लावायचा आणि त्या बदल्यात खोली आणि दोन वेळचं जेवण मिळवायचं. हा बेत करणारे बरेच असतात. त्यातले निम्मे लॉज शोधण्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. आपल्या हातात भारतीय पासपोर्ट असेल तर सुरुवात कायद्यापासून करावी लागते.

आधी देश ठरवा, डोंगर नंतर

पगार घेतला नाही म्हणजे ते काम नव्हे, असं आपण समजतो. बहुतेक देशांच्या इमिग्रेशन खात्याला ते मान्य नाही. फुकट खोली आणि जेवण हाही मोबदलाच, आणि पर्यटक व्हिसावर मोबदला घेऊन काम करता येत नाही. शेंगेन व्हिसावर आल्प्समधल्या हटमध्ये भांडी घासणं म्हणूनच बेकायदा ठरतं. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर स्वयंसेवा चालते, पण ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी आणि जास्तीत जास्त ३० दिवस. डोंगरातलं खासगी लॉज त्यात बसत नाही. जपानच्या वर्किंग हॉलिडे योजनेत भारत नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा उघडला. वर्षाला १,००० जागा आणि त्याही सोडतीने. तरुण असाल तर अर्ज जरूर करा, पण सुट्टीचा बेत त्या सोडतीवर बांधू नका.

‘वर्कअवे’सारख्या संकेतस्थळांवर यजमान भरपूर सापडतात, पण तुमचा व्हिसा कसला आहे ही जबाबदारी ते तुमच्यावरच टाकतात. ‘पर्यटक म्हणूनच ये, कोणी विचारत नाही’ असं लिहिणाऱ्या यजमानाला तिथल्या तिथे नकार कळवा. विमानतळावर प्रश्नांची उत्तरं त्याला द्यायची नसतात.

नेपाळची गोष्ट वेगळी आहे. इतर देशांच्या नागरिकांना तिथेही पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही. आपल्याला मात्र नेपाळचा व्हिसाच लागत नाही, आणि १९५० च्या भारत-नेपाळ करारातलं कलम ७ दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, व्यापार-व्यवसायात भाग घेण्याची, फिरण्याची सवलत देतं. काठमांडूत न्हावीकामापासून सुतारकामापर्यंत कितीतरी भारतीय माणसं त्याच आधारावर पोट भरतात. पहिल्या वेळी नेपाळच निवडा, हे माझं मत या कारणाने आहे. हिमालय मिळतो हा वरचा फायदा.

जागा आणि हंगाम

नेपाळात लॉज शेकड्यांनी आहेत. खुंबू (एव्हरेस्टकडचा भाग) आणि अन्नपूर्णा भागातली कित्येक आता मोठी हॉटेलंच झाली आहेत आणि तिथे पगारी माणसं असतात. हातभाराला खरा वाव लांगटांगसारख्या खोऱ्यात मिळतो. लॉज घरच्याच माणसांनी चालवलेलं असतं, खोल्या दहा-पंधरा, स्वयंपाकघर एक, आणि घरची तरुण मुलं बहुतेक काठमांडूत किंवा परदेशात.

ट्रेकिंगचे हंगाम दोन: मार्च ते मे, आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जमल्यास दुसरा धरा. दशैं म्हणजे आपलं नवरात्र आणि दसरा, तिहार म्हणजे दिवाळी. पाहुण्यांची सर्वात मोठी गर्दी याच दिवसांत होते आणि खालच्या गावांतून कामाला आलेली हिंदू पोरं नेमकी तेव्हाच सणाला घरी जातात. लॉजवाल्याला खरोखर एक जोडी हात कमी पडतात ते या पंधरवड्यांत. तुम्हीही दिवाळीची सुट्टी धरून रजा टाकू शकता. मात्र सगळी मिळून तीन आठवड्यांहून कमी रजा असेल तर कामाचा नाद सोडा आणि पाहुणे म्हणून जा. शिकवण्यात जेवढे दिवस जातात तेवढे तरी तुमच्याकडून वसूल व्हायला हवेत.

लॉज गाठणं आणि बोलणी

माझ्या पसंतीची रीत जरा उलटी आहे. आधी पैसे देऊन पाहुणे म्हणून वर जा. दोन-तीन लॉजमध्ये राहा, जेवा, संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी बसा. घर कसं चालतं, घरातली माणसं कामाच्या पोरांशी कशी बोलतात, हे दोन दिवसांत कळतं. मग विचारा: ‘दिदी, दसैंमा मान्छे कम छ भने म सघाउँछु’, म्हणजे दशैंत माणसं कमी असतील तर मी मदत करतो. हिंदीतही विचारता येईल, कारण लॉजवाल्या बहुतेकांना हिंदी समजते. पहिल्या भेटीत ओळख करून पुढच्या हंगामात कामाला जाणं हे सर्वात उत्तम. तेवढा वेळ नसेल तर लॉजचा नंबर नकाशावर किंवा फेसबुकवर शोधून व्हॉट्सअॅपवर बोला. मध्यस्थाला ‘प्लेसमेंट फी’ देऊन जाऊ नका. त्यातलं लॉजपर्यंत काही पोचेल याची खात्री नसते.

पैशाचा व्यवहार नाही म्हणून बोलणी ढिली ठेवणारे पुढे कुढत बसतात. पगारी माणसाला निदान पगार तरी ठरलेला असतो, तुमचं काहीच ठरलेलं नसतं. म्हणून वर जाण्याआधी एवढं विचारून घ्या:

- झोपायचं कुठे? हंगामात खोल्या भरल्या की कामाची माणसं आणि गाइड-पोर्टर जेवणाच्या हॉलमधल्या बाकांवर झोपतात. तुम्हालाही तीच जागा मिळेल. चालणार असेल तरच हो म्हणा.
- जेवणात काय? दोन वेळचा दालभात आणि चहा हे सर्वसाधारण. मेन्यूतला पिझ्झा, चॉकलेट, बाटलीबंद पाणी तुमच्या खर्चाने. गरम पाण्याची अंघोळ, मोबाइल चार्जिंग, वायफाय यांचंही आधी बोला. वर या तिन्हींना पैसे पडतात.
- सुट्टी कधी? आठवड्यात एक पूर्ण दिवस मागून घ्या, नाहीतर क्यांजिनला, म्हणजे खोऱ्यातल्या वरच्या गावात, महिनाभर राहून शेजारच्या टेकडीवरही जाणं होणार नाही.
- तुम्ही आल्यामुळे कोणाची मजुरी तर जात नाही ना? हा प्रश्न थेट विचारा. उत्तर गोलमाल आलं तर जाऊ नका. खालच्या खेड्यातल्या पोराचा हंगामाचा पगार बुडवून मिळालेला अनुभव काय कामाचा?
- आजारी पडलात तर खाली नेण्याची सोय कोण करणार आणि घोड्याचा किंवा माणसाचा खर्च कोणाचा?

एकट्या बाईने जायचं असेल तर जिथे घरची बाई, म्हणजे साहुनी, स्वतः लॉज चालवते तेच घर निवडावं आणि हॉलमध्ये न झोपता घरातल्या बायकांसोबत झोपण्याची सोय आधी बोलून घ्यावी. संध्याकाळी चुलीभोवती रक्सी, म्हणजे घरगुती दारू, फिरते. ‘खाँदिन’ (मी घेत नाही) म्हटलं की कोणी फारसा आग्रह करत नाही.

कागदपत्रं, पैसे, वाट

विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं ओळखपत्र लागतं. प्रौढ माणसाने नुसत्या आधार कार्डावर निघू नये. मी म्हणेन पासपोर्टच न्या. सिमकार्ड, परवाने, विमा सगळीकडे तो सोपा पडतो. रेल्वेने जायचं तर मुंबईहून गोरखपूर, तिथून सोनौली सीमा आणि पलीकडे भैरहवाहून काठमांडूची बस. लांबचा पण स्वस्त रस्ता.

लांगटांग राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क सार्क देशांच्या नागरिकांना १,५०० नेपाळी रुपये आहे, म्हणजे आपले सुमारे ९४०. हिशोब सोपा आहे: आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, हा दर बांधलेला आहे. भाव ठरवताना ‘आयसी की एनसी’ हे विचारायला विसरू नका. आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे त्यांचा. शंभराच्या भारतीय नोटा सहज चालतात. मोठ्या नोटांचे नियम वेळोवेळी बदलत आले आहेत, तेव्हा त्यांच्यावर विसंबू नका. २०२४ पासून आपलं यूपीआय नेपाळातल्या ‘फोनपे’ (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर चालतं, पण ते शहरात. वरच्या खोऱ्यात रोखच लागते, म्हणून काठमांडूतच पैसे काढून घ्या.

एक नियम नीट समजून घ्या. एप्रिल २०२३ पासून नेपाळ टुरिझम बोर्डाने परदेशी ट्रेकरांना परवानाधारक गाइड आणि टिम्स कार्ड (ट्रेकरच्या नोंदणीचं कार्ड) सक्तीचं केलं आहे. अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही. निघण्यापूर्वी काठमांडूतल्या भृकुटीमंडपच्या कार्यालयात जाऊन ‘मी अमुक लॉजवर राहणार आहे’ असं सांगून विचारा. लॉजमालकाच्या नात्यात गाइडचा परवाना असलेलं कोणीतरी बहुधा असतंच, त्याच्यासोबत वर जाणं सर्वात सरळ.

विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा. ठराविक उंचीच्या वरचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका या दोन गोष्टी बऱ्याच पॉलिसींत वगळलेल्या असतात. काहींत अंगमेहनतीच्या कामात झालेली इजाही.

काठमांडूच्या माछापोखरीहून सकाळी स्याब्रुबेसीची बस निघते. दिवस त्यातच जातो. वाटेत धुन्चेला सैन्याची चौकी आहे, तिथे सामान उघडून बघतात.

चढताना घाई नको

स्याब्रुबेसी सुमारे १,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही थोडं खाली. क्यांजिन गोंपा ३,८७० मीटरवर. बहुतेक लोक हे अंतर तीन दिवसांत उरकतात: लामा होटेल (हे वस्तीचं नाव), लांगटांग गाव, क्यांजिन. त्यातला दुसरा दिवस वाईट आहे. लामा होटेल २,४८० च्या आसपास आणि लांगटांग ३,४३०, म्हणजे एका दिवसात जवळजवळ साडेनऊशे मीटर. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असं उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात. म्हणून मध्ये घोडातबेला किंवा थांग्स्यापला एक रात्र काढा आणि लांगटांगला एक दिवस जास्त थांबा. तुम्हाला शिखर गाठायचं नाहीये, पोचल्यावर काम करायचंय. डोकं धरून बसलेला मदतनीस लॉजला पाहुण्यापेक्षा महाग पडतो.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात. तेवढ्यावर थांबा, वर जाऊ नका. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली उतरा. लसणाचं सूप प्यायला हरकत नाही, पण ते औषध नव्हे. डायमॉक्स घ्यायची तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून, विशेषतः सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर.

पाठीवरच्या सामानात कामासाठी म्हणून चार वस्तू वेगळ्या घाला: रबरी हातमोजे (त्या पाण्यात उघड्या हातांनी दहा ताटं घासली की बोटं बधिर होतात), व्हॅसलिन, हेडटॉर्च आणि मोज्यांवर घालता येतील अशा चपला. ऑक्टोबरअखेर क्यांजिनला रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा स्लीपिंग बॅग उणे दहापर्यंतची हवी.

प्रत्यक्ष काम

चार-पाच तास काम म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी दोन, असं कोणी समजू नये. लॉजचं काम तुकड्यांत येतं. पहाटे पाचला चूल आणि गरम पाणी. सहा ते आठ नाश्ता आणि बिलं. पाहुणे गेले की रजया झटकून घड्या, खोल्या झाडणं, संडास धुणं. दुपारी वाटसरूंचं जेवण. मग दोन तास काहीच नाही, त्यातच अंघोळ, कपडे, झोप काय ती उरका. तीननंतर नवे पाहुणे येऊ लागतात, आणि सहा ते आठ हा दिवसाचा खरा कसोटीचा वेळ.

या दोन तासांत तुम्ही उपयोगी पडलात तर बाकी सगळं माफ असतं. अडचण समजून घ्या. पाणी सुमारे ८७ अंशालाच उकळतं, त्यामुळे डाळ-भात कुकरशिवाय शिजत नाही आणि बटाटाही वेळ खातो. गॅसचा प्रत्येक सिलिंडर खेचराच्या किंवा माणसाच्या पाठीवरून आलेला असतो. शेगड्या दोन-तीन. आणि मेन्यूकार्डावर मोमोपासून लझान्यापर्यंत साठ पदार्थ. पंधरा पाहुण्यांनी पंधरा वेगळे पदार्थ सांगितले की शेवटच्या माणसाचं ताट नऊला पोचतं, साहुनीचं डोकं तापतं आणि सर्वात शेवटी जेवणारे पोर्टर रात्री दहापर्यंत उपाशी.

म्हणून ऑर्डर घेणं हे तुमचं मुख्य काम समजा. पाच वाजायच्या आत सगळ्यांची ऑर्डर वहीत आली पाहिजे. आत विचारून घ्या की आज काय भरपूर आहे, आणि मग पाहुण्यांना तेच सुचवा: ‘आज तरकारी ताजी आहे, दालभात घ्या, परत-परत वाढतो.’ दहा जणांच्या गटाला दोन-तीन पदार्थांवर आणलंत तर घरची माणसं तुमचं नाव काढतील. वेगळं मागणाऱ्याला नाही म्हणू नका, ‘पाऊण तास लागेल’ एवढं खरं सांगा. बहुतेक जण आपणच बदलतात.

वहीत खोलीनिहाय एक पान असतं. पाहुण्याचं नाव लिहीत बसू नका, खोली नंबर लिहा. चहा कप आहे की स्मॉल पॉट की बिग पॉट, ते लगेच नोंदवा, कारण सकाळच्या भांडणांत निम्मी चहाच्या पॉटवरून होतात. नाश्त्याची ऑर्डर रात्रीच घ्यायची, वेळेसकट. एक मात्र पाळा: पैसे स्वतःच्या हातात घेऊ नका. बेरीज करा, वही दाखवा, पैसे साहुजी किंवा साहुनीच्या हातात जाऊ द्या. शंभर रुपये कमी भरले तरी संशय नव्या माणसावरच येतो.

भाव कमी करण्याच्या गोष्टी पाहुण्यांशी बोलू नका. खोली स्वस्त असते ती जेवण तिथेच घेण्याच्या अटीवर. खोलीत राहून बाहेर जेवणारा पाहुणा लॉजला तोट्यात जातो.

चुलीचे नियम

उष्ट्याचे नियम आपल्या आजीच्या घरात असतात तितकेच कडक आहेत. चव घ्यायची तर पळीतून हातावर, पळी तोंडाला लावायची नाही. आपलं ताट दुसऱ्याच्या ताटाला किंवा भांड्याला टेकवायचं नाही. हॉलमधल्या बुखारीत (ऊब देणाऱ्या शेगडीत) किंवा चुलीत प्लास्टिक, टिश्यू, हाडं टाकायची नाहीत. बौद्ध घरांत अग्नी पवित्र आणि जळक्या कचऱ्याचा वास देवाला चालत नाही, असं मानतात. पाहुणे सर्रास रॅपर टाकतात, त्यांना हळूच अडवणं हेही तुमचंच काम. माने भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) आणि चोर्तेन (बौद्ध स्तूप) उजव्या हाताला ठेवून जायचं, प्रदक्षिणा घालतो तसं.

पोट बिघडलं तर लगेच सांगा आणि स्वयंपाकघरापासून दोन दिवस दूर राहा. सरपण आणा, रजया उन्हात टाका. लपवून वाढत राहिलात तर अख्खं लॉज आजारी पडेल.

एका बाबतीत मात्र कान ठेवा, तोंड नको. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात डोंगरावरून बर्फ आणि दगडांचा लोंढा कोसळून जुनं लांगटांग गाव गाडलं गेलं. तुम्ही ज्या घरात भांडी घासता त्या घरातली माणसं त्यात गेलेली असू शकतात. ‘तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हा प्रश्न रोज कोणीतरी पाहुणा चहा पिता-पिता विचारतो. तुम्ही विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ते आपणहून सांगतील.

आपली माणसं पाहुणे म्हणून येतात तेव्हा

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुण्या-मुंबई-नाशिकचे गट नेपाळच्या वाटांवर हमखास भेटतात, आणि तिथे तुमचा उपयोग कोणत्याही परदेशी स्वयंसेवकापेक्षा जास्त आहे. जैन जेवण म्हणजे नेमकं काय, उपवासाला काय चालतं, हे साहुनीला तुम्हीच सांगू शकता: उपवासाला बटाटे उकडून मीठ-तिखट, ढिंडो (पिठाचा शिजवलेला गोळा) चालणार नाही, दूध चालेल. आणि आपल्या लोकांना हेही तुम्हीच सांगा की बादलीभर गरम पाण्याचे पैसे का पडतात, आणि डाळ-भाताचे दर स्थानिक समिती ठरवत असेल तर तिथे घासाघीस का चालत नाही. मराठीत सांगितलं की ऐकतात. निदान दुसऱ्यांदा सांगितलं की.

घरून आणलेला चिवडा हॉलमध्ये उघडून दहा जणांत वाटण्याचा मोहही आवरायला सांगा. लॉजची कमाई जेवणावरच असते.

निघताना

निघण्याची तारीख आठवडाभर आधी पक्की सांगा, आणि दशैंला गेलेला पोरगा परतल्यावरच निघा. शेवटच्या दिवशी तुमच्या नावावरचं वहीतलं पान स्वतः मागून घ्या: चॉकलेटं, अंघोळी, चार्जिंग, जे काही घेतलं असेल त्याचे पैसे मोजून द्या, ‘राहू दे’ म्हटलं तरी. घरातल्या मोठ्यांना खादा (मान म्हणून गळ्यात घालायचं वस्त्र) घालायचा असेल तर तो काठमांडूहून येतानाच आणून ठेवा. टिप द्यायची तर मालकांना नको, स्वयंपाकघरातल्या पोरांना द्या, हातात. रबरी हातमोजे, हेडटॉर्च, राहिलेल्या औषधांतलं चालण्याजोगं तिथेच ठेवून या, पण औषध कशाचं, केव्हा घ्यायचं, हे पाकिटावर देवनागरीत लिहून. नेपाळीची लिपी तीच असल्याने वाचता येईल.

उतरायला दोन दिवस धरा. स्याब्रुबेसीहून काठमांडूची बस सकाळीच निघते, तिचं तिकीट आदल्या संध्याकाळी काढून ठेवा आणि परतीच्या विमानाआधी काठमांडूत एक दिवस मोकळा राखा. पावसाळ्यानंतर या रस्त्यावर दरड कोसळली की बस तासन्‌तास अडकते.